बायबलमधील भविष्यवचने कशी वाचावीत आणि त्यांच्या आधारे आज विश्वासूपणे कसे जगावे

‘भविष्यवचन’ या शब्दातला ‘भविष्य’ हा भाग वाचकाची थोडी दिशाभूल करतो. तो ऐकला की उद्या काय घडणार एवढेच मनात येते, आणि मग दानीएल व प्रकटीकरण ही पुस्तके उघडून त्यांत आजच्या बातम्या शोधण्याचा खटाटोप सुरू होतो. जुन्या करारातला इब्री शब्द ‘नाबी’ मात्र निराळ्या कामाकडे बोट दाखवतो. निर्गम ७:१ मध्ये अहरोन हा मोशेचा ‘नाबी’ होईल असे म्हटले आहे, कारण मोशेचे म्हणणे फारोपुढे मांडण्याचे काम त्याच्याकडे होते. संदेष्टा म्हणजे पाठवणाऱ्याचा निरोप पाठवणाऱ्याच्याच अधिकाराने सांगणारा मनुष्य. त्या निरोपात पुढे घडणाऱ्या गोष्टी येतात, पण त्या ऐकणाऱ्याने आज काही करावे म्हणून येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच समजुतीवर उभ्या आहेत. त्यांसाठी लागते ते बायबल, एक वही आणि एका बैठकीत अख्खा अध्याय वाचण्याची तयारी.

पायरी १ : निरोप कोणाला आणि केव्हा दिला, हे आधी पाहावे

यिर्मया २९:११ घ्या. परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा आशयाचे हे वचन भिंतीवरच्या चौकटीत आणि शुभेच्छापत्रांवर सर्रास दिसते. परीक्षेला बसणाऱ्या किती मुलांना मी ते लिहून दिले असेल, याचा हिशेब माझ्याकडेही नाही. पण हे वचन एका पत्रातले आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून जे लोक पाडाव करून बाबेलला नेले, त्यांना यिर्मयाने ते पत्र पाठवले होते, आणि त्याच्या आदल्याच ओळीत सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली आहे. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकले, त्यांतल्या बहुतेक प्रौढांना आपण मायदेशी परतणार नाही हेही त्याच क्षणी कळले. हिताचा संकल्प खरा होता, पण तो त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला यायचा होता.

मग त्या मधल्या काळात त्यांनी करायचे काय? पाचव्या ते सातव्या ओळीत त्याचे उत्तर आहे, आणि ते इतके साधे आहे की ते वाचताना नजर पुढे सरकते : घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे कल्याण चिंतून त्यासाठी प्रार्थना करा. ते नगर बाबेल होते, यरुशलेम लुटणाऱ्यांचे नगर. वचनाची ही बाजू कळल्यावर ते वापरणे सोडून द्यावे, असे मला म्हणायचे नाही. उलट नोकरी गेलेल्या किंवा दीर्घ आजारात अडकलेल्या माणसाला लवकर सुटकेच्या आश्वासनापेक्षा हे सबंध पत्र अधिक आधार देईल. म्हणून कोणतेही वचन वहीत उतरवताना त्याच्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात : बोलणारा कोण, ऐकणारे कोण, आणि त्या वेळी त्यांच्यावर काय प्रसंग होता.

पायरी २ : दडलेली अट शोधावी

योनाने निनवेत जो संदेश दिला, त्यात ‘जर’ हा शब्दच नव्हता. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, एवढेच तो बोलला. तरीही राजापासून सगळ्यांनी उपास केला, दुष्कर्मे सोडली आणि नगर वाचले. याचा उलगडा यिर्मया १८:७-१० मध्ये मिळतो : एखाद्या राष्ट्राविषयी नाशाचा शब्द उच्चारल्यावर ते वळले तर तो नाश टळतो, आणि कल्याणाचा शब्द दिल्यावर ते बिघडले तर ते कल्याणही आवरले जाते. याच पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात यिर्मयाला ठार मारण्याची मागणी होते, तेव्हा काही वडील माणसे उठून आठवण करून देतात की शंभरएक वर्षांपूर्वी मीखा संदेष्ट्यानेही सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल असे म्हटले होते. हिज्कीया राजाने त्याला मारले नाही, परमेश्वराची करुणा भाकली, आणि ते अरिष्ट टळले. मीखाचे वचन खोटे ठरले असे त्यांच्यातला कोणीही म्हणत नाही. ते ऐकले गेले, म्हणून त्याचे काम झाले, असेच त्यांनी मानलेले दिसते.

तेव्हा न्यायाचे वचन वाचताना ‘हे कोणाला लागू पडते?’ असा प्रश्न शेजाऱ्याकडे पाहून विचारू नये. आमोस संदेष्ट्याने हीच चूक ऐकणाऱ्यांच्या पदरात घातली. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी भोवतालच्या राष्ट्रांची पापे तो एकामागून एक मोजतो, ऐकणारे माना डोलावत असणार, आणि मग तो यहूदाकडे व शेवटी खुद्द इस्राएलकडे वळतो : तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला जोडाभर पायतणांसाठी विकता. वहीचे एक पान यासाठी राखून ठेवावे. त्या वचनातला दोष माझ्या व्यवहारात, म्हणजे मजुरी देण्यात, मापात, घरातल्या बोलण्यात कोठे आहे, ते एका वाक्यात लिहावे. ते वाक्य कोणाला दाखवायची गरज नाही.

पायरी ३ : ख्रिस्तापाशी थांबून मग पुढे जावे

नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाच्या ग्रंथपटातून एकसष्टावा अध्याय वाचला (लूक ४:१६-२१). दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि परमेश्वराच्या प्रसादाचे, म्हणजे कृपेचे, वर्ष येथपर्यंत तो वाचत आला आणि थांबला. यशयात याच वाक्यात पुढे सूड घेण्याचा दिवसही आहे. तो त्याने त्या दिवशी वाचला नाही. ‘हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पूर्ण झाला आहे’ असे त्याने सांगितले. ख्रिस्ती वाचक येथून दोन गोष्टी घेतो : वचनांची पूर्तता येशूच्या येण्याने सुरू झाली आहे, आणि ती संपूर्ण व्हायची आहे. प्रसादाचे वर्ष अजून चालू आहे, म्हणून दीनांना सुवार्ता सांगण्याचे काम आजचे आहे.

पायरी ४ : तारखा मोजण्याचा मोह आवरावा

विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाने दानीएल ८:१४ मधले दोन हजार तीनशे दिवस वर्षे म्हणून मोजले, आणि त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ख्रिस्ताच्या येण्याचा म्हणून धरला. काहींनी शेतातले पीकही कापले नाही. तो दिवस उगवला आणि मावळला. त्या माणसांची तळमळ खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ‘त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही’ हे मत्तय २४:३६ मध्ये त्यांच्याही बायबलात छापलेले होते.

दानीएलाने स्वतः वर्षे मोजली, हे खरे. नवव्या अध्यायात तो यिर्मयाची सत्तर वर्षे वाचून हिशेब करतो. पण हिशेब हाती आल्यावर त्याने काय केले, ते पाहावे : गोणपाट नेसून, राख घालून, ‘आम्ही पाप केले आहे’ अशी कबुली देत तो प्रार्थनेला बसला. सुटकेची मुदत जवळ आली म्हणून त्याने सामान बांधायला घेतले नाही. ज्या वाचनातून प्रार्थना निघत नाही आणि केवळ आकडे निघतात, ते वाचन त्या दिवसापुरते बंद करावे, हा माझा साधा नियम आहे.

प्रकटीकरणाच्या पुस्तकालाही हाच नियम लागतो. पशू आणि शिक्के यांच्याकडे वळण्याआधी दुसरा व तिसरा अध्याय, म्हणजे इफिसपासून लावदिकीयापर्यंतच्या सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे वाचावीत. पहिले प्रेम सोडलेली मंडळी, मरणापर्यंत विश्वासू राहा असे ऐकणारी स्मुर्णा, संपन्न असून कोमट झालेली लावदिकीया : यांत आपण कोठे बसतो, हे ओळखायला सहसा फार वेळ लागत नाही.

पायरी ५ : कोणी संदेश घेऊन आला तर तो पारखावा

‘देवाने मला सांगितले आहे’ असे म्हणणारी माणसे आजही भेटतात, आणि त्यांना हसण्यावारी नेणे हे आपले काम नव्हे. संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते धरा, असे पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. पारख करण्याच्या कसोट्या शास्त्रातच आहेत. सांगितलेली गोष्ट घडली नाही तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता (अनुवाद १८:२२); घडली, पण सांगणारा दुसऱ्या देवांमागे नेत असेल, तरीही त्याचे ऐकायचे नाही (अनुवाद १३:१-३). या दुसऱ्या कसोटीचा विसर फार पडतो. तिसरी कसोटी यिर्मयाच्या काळातल्या हनन्या या संदेष्ट्याच्या प्रसंगातून मिळते. दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, असे त्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितले आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर असलेले लाकडी जू काढून मोडले. लोकांना हेच हवे होते. हनन्या त्याच वर्षी मेला आणि जू मात्र राहिले. संदेश ऐकून आपल्याला काहीच बदलावे लागत नसेल, फक्त बरे वाटत असेल, तर तो दुप्पट काळजीने तपासावा. पैसे मागितले असतील तर तपासण्यातही वेळ घालवू नये.

पायरी ६ : वचनाला शोभेल असे एक काम करावे

यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे, नगर पडणार असे स्वतः यिर्मयानेच सांगितले आहे आणि त्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे, आजच्या मापाने सुमारे दोनशे ग्रॅम, ताजव्यात तोलून देतो. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी अशी दोन्ही कागदपत्रे त्याचा लेखक बारूख याच्या हाती दिली जातात, आणि ती पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितली जातात. कारण या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे परमेश्वर म्हणाला होता. व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थनेत जे बोलतो त्यात त्याचा गोंधळ लपत नाही : नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात आहे, आणि तू मला शेत घे म्हणतोस! त्याने आधी शेत घेतले, प्रश्न नंतर विचारला.

आपल्या हातून होण्याजोगे काम याहून लहान असेल. परतफेडीची आशा नसलेल्याला उसने देणे, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या घरी स्वतः जाणे, आपल्या हयातीत फळ दिसणार नाही असे एखादे शिकवण्याचे काम पत्करणे. ते वहीत वचनासमोर लिहावे, आणि त्यापुढे ते करण्याचा दिवसही लिहावा. दिवस न लिहिलेली कामे माझ्या वहीत वर्षानुवर्षे पडून आहेत.

सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न पडत असेल तर यशयाच्या सहासष्ट अध्यायांपासून करू नये. हाग्गय उघडावा. दोनच अध्याय, अडतीस ओळी. इ. स. पू. ५२० चा काळ, बंदिवासातून परतलेल्या लोकांची स्वतःची घरे तक्तपोशीची आणि मंदिर मात्र सुमारे सोळा वर्षे अर्धवट पडलेले. पहिल्या ओळीत सहाव्या महिन्याचा पहिला दिवस लिहिला आहे. संदेश त्या दिवशी आला. मग त्या अध्यायाच्या अगदी शेवटी जाऊन लोक कामाला लागल्याची तारीख पाहावी : त्याच महिन्याचा चोविसावा दिवस.