शब्दकोश शेवटी: नवी भाषा घडवायची तर

भाषा घडवायला बसल्यावर पहिल्या दिवशी शब्दांची यादी करावीशी वाटते. मीही केली होती. दोनशे पानी वहीत डावीकडे ‘पाणी’, ‘झाड’, ‘होडी’, उजवीकडे मनाला येतील ते नवे शब्द. चारशेक शब्द जमल्यावर वाक्य रचून पाहिलं, तर मराठीच निघाली: तोच क्रम, तेच प्रत्यय, नुसते शब्द बदललेले. ती वही मी मिटून ठेवली आणि ओमेनी ही माझी भाषा नव्याने सुरू केली, ध्वनींपासून. आज अकरा वर्षं ती चालू आहे.

तेव्हा सुरुवात करा ती काय घ्यायचं नाही हे ठरवून. हवाईयन भाषेत व्यंजनं आठच आहेत, स्वर पाच, आणि जोडाक्षर चालतच नाही. त्यामुळे ‘मेरी ख्रिसमस’ त्या तोंडात शिरलं की ‘मेले कालिकिमाका’ होऊन बाहेर पडतं. र नाही, स नाही, ख्र एकत्र उच्चारता येत नाही. भाषेचा चेहरा असा गाळणीतून घडतो. ओमेनीला मी प, त, क, म, न, स, ल, व दिले आणि आ, इ, उ, ए, ओ. ख, घ, थ, ध यांसारखे महाप्राण नाहीत, ट-ठ-ड-ढ नाहीत. ळ सोडताना फार जड गेलं.

आपल्या कानाला सवयीचे भेद इथे नीट तपासा. मराठीत ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. लिपी एक, ज वेगळे. तुमच्या भाषेत असा भेद अर्थ बदलतो का, हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच गोंधळाल.

पुढे अक्षराचा साचा. माझा असा: हवं तर एक व्यंजन, मग स्वर, हवा तर शेवटी न. म्हणजे आरंभाच्या नऊ शक्यता, स्वर पाच, शेवट दोन. एकूण 90 अक्षरं. दोन अक्षरी शब्दांच्या जोड्या 8,100. न नंतर स्वर आला की काही जोड्या सारख्याच ऐकू येतात, त्या वगळल्या तरी आयुष्यभर पुरतील इतके शब्द उरतात. पाच व्यंजनांवरही भाषा उभी राहील, पण शब्द लांबत जातील.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ध्वनींना एकमेकांवर घासू द्या. ‘फूल’ला ‘ला’ लागला की ‘फुलाला’ होतं, ‘पाऊस’चं ‘पावसात’ होतं. प्रत्यय नुसता चिकटत नाही, शब्दालाही हलवतो. ओमेनीत दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले प, त, क मऊ होतात: ब, द, ग. कोमे म्हणजे होडी. ‘तुझी’ला तिन, म्हणून तुझी होडी तिनकोमे. ‘माझी’ला ना, म्हणून माझी होडी नागोमे. एकच नियम, पण त्याने भाषेला वय आल्यासारखं वाटायला लागलं. असे दोन-तीन नियम पुरेत. आणि ते मोठ्याने बोलूनच शोधा, कागदावर सुचलेले नियम जिभेवर बहुधा टिकत नाहीत.

व्याकरणात आधी एक प्रश्न सोडवा: कोणी केलं आणि कोणाला केलं, हे कशावरून कळणार? ‘कुत्रा मांजराला चावला’ आणि ‘मांजराला कुत्रा चावला’, दोन्हींत चावलं कोण ते स्पष्ट आहे, कारण भार ‘ला’ वाहतो. 1887 साली जगासमोर आलेल्या एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेत तेच काम कर्माला लागणारा न करतो. प्रत्यय नको असेल तर शब्दक्रम घट्ट बांधा. मी क्रम बांधला, क्रियापद पहिलं, मग कर्ता, मग कर्म: सुनामि केलु तोमा. पक्षी पाणी प्यायला.

त्या सुनामिमधला ‘मि’ मला सगळ्यात प्रिय आहे. व्याकरण बोलणाऱ्याला काय सांगायला भाग पाडतं, हे ठरवताना भाषेचा स्वभाव ठरतो. मराठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतलं एक निवडायला लावते. समोरचा त्यात धरलाय की नाही, हे लपवता येत नाही. तुर्की भूतकाळात ‘गेल्दी’ म्हणजे आला, आणि ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. आपलं ‘म्हणे’ ऐच्छिक आहे, तिथे निवड करावीच लागते. ओमेनीत तीन प्रत्यय आहेत: डोळ्यांनी पाहिलं तर मि, ऐकलं तर लो, खुणांवरून ताडलं तर ‘ते’, जो स्वरानंतर ‘दे’ होतो. भांडं रिकामं दिसलं, पक्षी दिसला नाही: सुनादे केलु तोमा. ओमेनीत पहिल्यांदा गोष्ट लिहिली तेव्हा प्रत्येक वाक्याला थांबून विचारावं लागलं की सांगणाऱ्याला हे कळलं कसं. गोष्टच बदलली.

वचन, काळ, नकार यांना एकेक दुपार पुरते. त्याऐवजी दहा ओळींचा खरा मजकूर भाषांतरित करा. भोकं तिथे दिसतात.

आणि जमलं तर कोणाला तरी शिकवा. माझी भाची नऊ वर्षांची असताना ओमेनी ऐकून ऐकून शिकली. तिच्या कानावर सतत नागोमे पडायचं, म्हणून होडीला ती ‘गोमे’ म्हणू लागली. इंग्रजीतला ‘अ नॅप्रन’ असाच चुकीच्या जागी तुटून ‘ॲन ॲप्रन’ झाला. ओमेनीत ग ने शब्द सुरू होऊच शकत नव्हता. मी आठवडाभर तिची चूक दुरुस्त करत होते. मग वही उघडली आणि लिहिलं: कोमे, कोणतीही होडी. गोमे, आपली स्वतःची होडी. व्यंजनं आता नऊ.