संध्याकाळी पाचच्या आत: होरायझन प्रस्तावाची तयारी

"ताई, कॉल उघडलाय, आपणही टाकू या का?" असा मेसेज मला वर्षातून चार-पाच जणांकडून येतो. कॉल म्हणजे युरोपियन संघाने ठरावीक विषयावर संशोधनासाठी मागवलेले प्रस्ताव. कुणी जर्मनीत पोस्टडॉक करत असतं, तर कुणाची पुण्यात बाणेरला पंधरा जणांची कंपनी असते आणि इकडच्या एखाद्या प्राध्यापकाने त्यांना 'आमच्यासोबत या' म्हटलेलं असतं. मी इथे युरोपात एका लहान संशोधन संस्थेत युरोपियन प्रकल्प बघते. प्रस्ताव जमवायचा, पाठवायचा आणि मिळालाच तर पुढची तीन-चार वर्षं त्याचे हिशेब सांभाळायचे, हे माझं काम. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मुदतीला दहा आठवडे उरलेत असं धरून चाला.

पहिले दोन आठवडे काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. आधी आपण बरोबर दारात उभे आहोत ना, ते बघा. होरायझन युरोप हा युरोपियन संघाचा २०२१ ते २०२७ चा संशोधनाचा कार्यक्रम आहे. सुरुवातीला ९५.५ अब्ज युरो ठरले होते, २०२४ मध्ये त्यातले २.१ अब्ज कापले गेले. माहिती तंत्रज्ञानाचा बराचसा पैसा त्याच्या दुसऱ्या स्तंभात (म्हणजे विभागात), क्लस्टर ४ या 'डिजिटल, उद्योग आणि अवकाश' नावाच्या विषयगटात असतो. समाज, लोकशाही, संस्कृती या अंगाने तंत्रज्ञानाकडे बघणारे विषय क्लस्टर २ मध्ये सापडतात. 'डिजिटल युरोप' हा कार्यक्रम वेगळाच, तिथे नवं संशोधन नाही, तयार झालेली गोष्ट वापरात आणायला पैसे मिळतात. मागे एका गटाने सहा आठवडे मेहनत करून उत्तम संशोधन प्रस्ताव लिहिला आणि मग लक्षात आलं की कॉल डिजिटल युरोपचा होता. हसू नका, युरोपियन आयोगाच्या ज्या पोर्टलवर अर्ज करायचा तिथे दोन्ही एकाच यादीत दिसतात.

दार बरोबर असलं की कॉलचा मजकूर कागदावर छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. त्यात दोन भाग असतात, अपेक्षित परिणाम आणि व्याप्ती. तंत्रज्ञ मंडळी थेट व्याप्तीवर उडी मारतात, कारण तिथे त्यांच्या ओळखीचे शब्द असतात. पैसे मात्र परिणामांसाठी दिले जातात. समजा, परिणामात असं वाक्य आहे: 'सार्वजनिक सेवांमध्ये विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढेल.' यातल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. 'सार्वजनिक सेवा' म्हटलंय, म्हणजे एखादी नगरपालिका किंवा सरकारी खातं पार्टनर म्हणून हवं, नुसतं पाठिंब्याचं पत्र चालणार नाही. 'वाढेल' म्हटलंय, म्हणजे आज वापर किती आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. 'विश्वासार्ह' हा तर थेट कायद्याचा शब्द आहे, त्याच्याकडे वळूच. प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा: हे कोण करणार, आणि झालं हे कशावरून कळणार. समास रिकामा राहिला तर त्या जागी पार्टनर कमी आहे.

हा पैसा पहिल्यापासून धोरणाचा आहे. १९८४ मध्ये एस्प्रिट हा युरोपचा माहिती तंत्रज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अमेरिका आणि जपानच्या मागे पडण्याची धास्ती होती. २०२४ च्या सप्टेंबरात इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल आला, त्यातही धास्ती तीच, फक्त जपानच्या जागी चीन. म्हणून 'आमचा अल्गोरिदम इतक्या टक्क्यांनी जास्त अचूक आहे' एवढ्यावर कुणी विरघळत नाही. कुठल्या कायद्याला, कुठल्या उद्दिष्टाला तुम्ही हातभार लावताय ते दाखवावं लागतं. '२०३० चं डिजिटल दशक' या युरोपियन संघाच्या कार्यक्रमातली उद्दिष्टं आकड्यांत दिलेली आहेत: ८० टक्के प्रौढांना मूलभूत डिजिटल कौशल्यं, २ कोटी आयटी तज्ज्ञ, ७५ टक्के उद्योगांत क्लाउड, कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा मोठ्या विदेचा (बिग डेटाचा) वापर. तुमच्या कामाला लागू पडेल तेवढंच उचला, सगळी माळ ओवू नका.

कायदे वाचायला कुणीतरी एकजण नेमा आणि त्याला एक आठवडा द्या. युरोपियन संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला. केवळ वैज्ञानिक संशोधनासाठी बनवलेल्या प्रणालींना त्यातून सूट आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. खऱ्या जगातली चाचणी मात्र सूट मिळालेल्या चाचण्यांत मोडत नाही, हे पुढचं कलम वाचल्याशिवाय कळत नाही. तुमच्या प्रस्तावात नगरपालिकेच्या खिडकीवर खऱ्या नागरिकांबरोबर प्रयोग असेल तर 'आम्ही संशोधक आहोत' म्हणून सुटका नाही. प्रस्तावातल्या नीतिमूल्यांच्या स्वयंमूल्यांकनात हे आधीच लिहिलेलं असेल तर परीक्षकाच्या मनात शंकाच उरत नाही.

वैयक्तिक विदेचा (डेटाचा) युरोपियन कायदा, म्हणजे जीडीपीआर, २०१८ पासून लागू आहे, पण पुण्यातल्या मित्रांसाठी त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. युरोपियन आयोगाने भारताला 'पुरेसं संरक्षण असलेला देश' असा दर्जा दिलेला नाही. त्यामुळे इथल्या लोकांची विदा पुण्यात लेबलिंगला पाठवायची तर आयोगाने ठरवून दिलेली प्रमाणित करारकलमं आणि जोखमीचा लेखी विचार, दोन्ही लागतात. 'फाइल पाठवणार नाही, आमचे लोक इथल्या सर्व्हरवर लॉगिन करतील' ही पळवाटही नाही. बाहेरच्या देशातून बघणं हेसुद्धा हस्तांतरणच धरलं जातं.

आता माणसं. नियम असा की किमान तीन स्वतंत्र संस्था, तीन वेगवेगळ्या देशांतल्या, आणि त्यातली एक तरी युरोपियन संघाच्या सदस्य देशातली. उरलेल्या दोन सदस्य किंवा संलग्न (म्हणजे संघाबाहेरच्या पण करार करून कार्यक्रमात आलेल्या) देशांतल्या चालतात. ब्रिटन २०२४ पासून पुन्हा संलग्न आहे. पण तीनच देशांवर प्रस्ताव उभा करू नका. मुदतीला आठ दिवस उरले असताना आमच्या एका पार्टनरने 'आमच्या व्यवस्थापनाने नकार दिला' म्हणून दोन ओळींची मेल टाकली होती. सुदैवाने आमच्याकडे पाच देश होते. तीन असते तर प्रस्ताव अपात्र ठरला असता आणि तो कुणी उघडूनही पाहिला नसता.

भारतातल्या संस्थेला या कन्सॉर्टियममध्ये, म्हणजे पार्टनरांच्या गटात, येता येतं, पण पैसे आपोआप मिळत नाहीत. हे वाक्य मी फोनवर सांगते तेव्हा पलीकडे शांतता पसरते. बरेच अल्प आणि मध्यम उत्पन्नाचे देश निधीला आपोआप पात्र आहेत, भारत त्या यादीत नाही. कॉलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल किंवा तुमच्याशिवाय काम होणारच नाही असं पटवता आलं, तरच अपवाद. एरवी 'सहयोगी पार्टनर' म्हणून स्वतःच्या खर्चाने यायचं. तेव्हा बाणेरच्या कंपनीने पहिल्याच बैठकीत विचारावं: आमचा खर्च कोण करणार? उत्तर 'बघू पुढे' असं आलं तर नम्रपणे चहा पिऊन उठावं. व्यक्तीसाठी मात्र दारं उघडी आहेत. मारी क्युरीची युरोपातली फेलोशिप आणि युरोपियन संशोधन परिषदेचं अनुदान यांना नागरिकत्वाची अट नाही, यजमान संस्था मात्र इथली लागते. एकट्यादुकट्याने मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. मोठ्या प्रकल्पातून छोटी अनुदानं पुढे वाटली जातात. 'नेक्स्ट जनरेशन इंटरनेट' या युरोपियन उपक्रमाच्या पैशातून अॅमस्टरडॅमची एनएलनेट संस्था अशी ५,००० ते ५०,००० युरोंची अनुदानं देत आली आहे आणि तिचा अर्ज एका बैठकीत भरून होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात हा निधी पुढच्या कार्यक्रमातून गायब दिसला तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी खुली पत्रं लिहून बराच गलका केला होता. म्हणून फेरी चालू आहे ना, हे आधी बघा.

सहाव्या आठवड्यापर्यंत कागद गोळा झालेले हवेत. प्रत्येक संस्थेचा नऊ आकडी पिक नंबर, म्हणजे पोर्टलवरचा ओळखक्रमांक, लागतो आणि तो 'आहे' एवढं पुरत नाही, तो स्वतः पोर्टलवर शोधून बघा. एका विद्यापीठाचे दोन नंबर निघाले होते. एक खरा आणि एक कुणीतरी फार पूर्वी फक्त आपल्या विभागासाठी काढलेला. बजेट दुसऱ्यावर भरलं गेलं होतं, शेवटच्या रात्री सगळं परत भरावं लागलं. विद्यापीठं, संशोधन संस्था आणि सरकारी खाती यांना स्त्री-पुरुष समानता आराखडाही लागतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर जाहीर असावा, वरिष्ठांच्या सहीचा असावा. 'आहे आमच्याकडे' म्हणणाऱ्याकडून लिंक मागा.

बजेट आधी करा, मजकूर नंतर. सगळा हिशेब पर्सन-मंथवर चालतो, म्हणजे एका माणसाचा एक महिना. उदाहरण घ्या. ३६ महिन्यांच्या प्रकल्पात एक पोस्टडॉक पूर्ण वेळ, महिन्याचा खर्च ६,००० युरो. झाले २,१६,०००. त्यावर सरसकट २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च, ५४,०००. एकूण २,७०,०००. प्रकल्प संशोधन प्रकारचा असेल तर हे सगळे मिळतात. नवकल्पना प्रकारचा असेल आणि तुमची संस्था नफा कमावणारी असेल तर ७० टक्केच, म्हणजे १,८९,०००, उरलेले ८१,००० खिशातून. इथे प्रवास, उपकरणं धरलेलीच नाहीत. बाहेर दिलेल्या कंत्राटावर २५ टक्के लागत नाहीत, हे कंपन्या हमखास विसरतात. आता बरेच कॉल ठोक रकमेचे असतात. त्यात वर्क पॅकेज, म्हणजे कामाचा एक ठरवलेला गट, पूर्ण झालं तरच त्याचे पैसे, म्हणून चार वर्षांचं एकच अवाढव्य पॅकेज बांधू नका.

लिखाणाला चार आठवडे पुरतात. गुणवत्ता, परिणाम आणि अंमलबजावणी या तिन्हींना प्रत्येकी ५ गुण, प्रत्येकात किमान ३ आणि एकूण १५ पैकी १० लागतात. दहा म्हणजे पास, पैसे नव्हेत. माझ्या पाहण्यात साडेतेराच्या खालचं फारसं काही निधीपर्यंत पोचलेलं नाही. पानांची मर्यादा कॉलगणिक बदलते, त्यामुळे मागच्या वर्षीचा नमुना कॉपी करू नका. जादा पानं परीक्षकांना दिसतच नाहीत, आणि शेवटच्या पानांवर नेमके अंमलबजावणीचे तक्ते असतात. एका बाहेरच्या माणसाला, शक्यतो तुमच्या विषयातल्या नसलेल्याला, पहिली दोन पानं वाचायला द्या. त्याला 'नेमकं काय करणार' हे सांगता आलं नाही तर ती दोन पानं पुन्हा लिहा.

मुदत संध्याकाळी पाचची, ब्रसेल्सच्या घड्याळाने. पुण्यात तेव्हा उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडची घड्याळं तासभर मागे जातात, त्याच्या आसपास मुदत असेल तर गजर दोनदा तपासा. दोन दिवस आधी एक पूर्ण प्रत पाठवून ठेवा, भले ती कच्ची असो. मुदतीपर्यंत कितीही वेळा पाठवता येतं, शेवटची धरली जाते. चार वाजून पन्नास मिनिटांनी पोर्टलचं चाक गरगर फिरायला लागतं, तेव्हा पहिली प्रत आत आहे या विचाराने हात कापायचे थांबतात.

पाठवून झालं की पोचपावती उतरवून घ्या आणि सगळ्या पार्टनरांना त्याच दिवशी पाठवा. निकाल पाच महिन्यांपर्यंत, करारावर सही आठ महिन्यांपर्यंत. एवढ्या काळात ज्या पोस्टडॉकचं नाव घातलंय त्याचा करार संपत नाही ना, हे त्याला आजच विचारा. ठोक रकमेचा कॉल नसेल तर टाइमशीटचा नमुनाही आताच सगळ्यांना द्या, कारण ती दर महिन्याला भरून सही करून ठेवायची असते. आणि सगळ्यांच्या कॅलेंडरात निकालाच्या आठवड्यातला एक तास आत्ताच अडवून ठेवा. परीक्षकांचा अहवाल येईल त्या दिवशी तो एकत्र बसून वाचायचा आहे, पास झालो तरी आणि नाही झालो तरी.