काळं पडणारं नख आणि बुटाचं शेवटचं भोक
लांब पल्ल्याची धाव झाली की माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं व्हायचं. पाऊल बुटात पुढे सरकतं, नख पुन्हा पुन्हा टोकाला आपटतं आणि त्याखाली रक्त साकळतं. उतारावर तर जास्तच.

मला खरा फरक पडला तो नाडी बांधण्याच्या पद्धतीने. धावण्याच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं, ते बरेच जण रिकामंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात परत घालून छोटा फासा ठेवायचा. दोन्हीकडे असं केलं की प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली ओढायचं आणि गाठ मारायची. टाच घट्ट बसते, पाऊल पुढे घसरत नाही. बूटही अर्धा नंबर मोठा घेतला, कारण धावताना पाय सुजतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ते बोट अंगठाच असेल असं नाही, दुसरंही असतं. नखं आता सरळ कापतो.

काळं नख ओढून काढू नका, प्लीज! नवं आलं की ते आपसूक सुटतं. अंगठ्याचं नख पूर्ण यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. सुरुवातीलाच असह्य ठणका असेल तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात. घरी सुई टोचू नका. मधुमेहींनी तर आधी डॉक्टरच गाठावा. आणि मार न लागता आलेला, नखाच्या वाढीबरोबर पुढे न सरकणारा काळा पट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच, क्वचित तो कर्करोगाचाही असतो.