घरामागचं छोटं तळं वर्षभर कसं सांभाळायचं

घरामागे छोटं तळं केलं की पहिले दोन महिने सगळे खूश असतात, मग पाणी हिरवं व्हायला लागतं आणि हात लगेच खराट्याकडे जातो, सगळं उपसा, भिंती घासा, ब्लिचिंग मारा, परत भरा. प्लीज हे करू नका. तळं म्हणजे प्यायच्या पाण्याची टाकी नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो, तो पचवणारे बॅक्टेरिया भिंतीवरच्या, दगडांवरच्या, मुळांवरच्या त्या बुळबुळीत थरातच राहतात. भिंत चकाचक केली की ते गेले, मग नव्या पाण्यात अमोनिया साठतो, मासे मरायला लागतात आणि पाणी परत हिरवं होतं ते होतंच. त्यामुळे वर्षभर जे काही करायचं ते हा थर न मोडता.

मी पुण्याकडच्या हवामानाचं सांगतोय. तळं ८ बाय ५ फूट आणि २ फूट खोल धरा, म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी. सिमेंटचं असो की शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद टाकून केलेलं, सांभाळायची पद्धत सारखीच. फक्त सिमेंटचं नवीन असेल तर भरून आठवडाभर ठेवा, उपसा, परत भरा, असं तीन-चार वेळा झाल्याशिवाय मासे सोडू नका, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो.

पावसाळ्याची तयारी मे संपायच्या आत उरकायची. जादा पाणी जायला पाइप हवा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर मोठ्या सरीत मासे वाहून जातात. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-पाच इंच उंच ठेवा, कारण वाफ्यातलं शेणखत, युरिया, माती सगळं पावसाच्या पाण्यासोबत तळ्यात उतरलं तर पुढचे तीन महिने हिरव्या पाण्याशीच झगडत बसाल. कोकणात असाल तर हा पाइप दुप्पट मोठा घ्या, तिथल्या पावसाला इकडचा हिशोब चालत नाही.

डासांचा प्रश्न शेजारीपाजारी नक्की विचारणार. खरं सांगायचं तर मासे असलेल्या तळ्यात डासांच्या अळ्या टिकत नाहीत, गप्पी त्या फस्त करतात, आणि बऱ्याच ठिकाणी हिवताप विभागाकडे गप्पी फुकट मिळतात. कोकणातल्या व्हाळांमध्ये, म्हणजे ओढ्यांमध्ये, आढळणारा पिकू मासाही यासाठी उत्तम आणि तो आपल्याकडचाच आहे. पण चिलापी अजिबात सोडू नका, ती बेसुमार वाढते आणि तळ उकरून पाणी गढूळ करून टाकते. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसात उडायला तयार होतो, तो तळ्यापेक्षा बाजूच्या रिकाम्या कुंडीत, ताटलीत, उलट्या झाकणात होतो, तेव्हा आठवड्यातून एकदा ती सगळी पालथी घालायची. बेडकांची पिल्लं दिसली तर काढू नका, ती शेवाळ खातात. बेडकांमागे कधीतरी दिवड येतो, तो बिनविषारी आहे, चिडला तर चावतो पण जिवाला धोका नाही, मारायचं तर नावच काढू नका. सप्टेंबरात सकाळी पाण्यातल्या लिलीच्या देठावर नीट बघा, चतुराची कोरडी, पाठीवर उभी चिरलेली कात चिकटलेली सापडते, तिचे सहाही पाय अजून देठाला घट्ट धरून असतात. त्याच्या अळ्यासुद्धा पाण्यात डासांच्या अळ्याच खात होत्या, म्हणून तळ्यात फवारणी, औषध काही नको.

ऑक्टोबर हिटमध्ये ऊन एकदम वाढतं आणि पावसात वाहून आलेलं खत पाण्यात असतंच, म्हणून सगळ्यात जास्त हिरवं पाणी तेव्हाच. उपाय औषधात नाही, सावलीत आहे. पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग लिलीच्या पानांनी किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या गोंडाळाने झाकला की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि खतही ही झाडंच ओढून घेतात. गोंडाळ मात्र दर आठवड्याला निम्मं काढून कंपोस्टमध्ये टाका. ओढ्यात, नदीत कधीच टाकू नका, मुळा-मुठेत आणि पवनेत जलपर्णीने काय करून ठेवलंय ते आपण दरवर्षी बघतोच, आणि म्हणूनच जलपर्णी फुलं कितीही सुंदर असली तरी आणायची नाही. कोणीतरी मोरचूद टाकायला सांगेल, ऐकू नका, शेवाळासोबत मासे आणि गोगलगायी पण जातात.

थंडीत काम कमी. पाणी गार झालं की माशांचं पचन मंदावतं, म्हणून खाद्य निम्म्यावर आणा आणि दुपारी ऊन असताना द्या, एरवीसुद्धा दोन-तीन मिनिटात संपेल एवढंच. कमळाची पानं तपकिरी पडून सुकतात तेव्हा लोकांना वाटतं झाड मेलं आणि टब रिकामा करून टाकतात. कंद खाली झोपलेला असतो. सुकलेले देठ कापायचे तर पाण्याच्या वर कापा, ते पोकळ असतात, पाण्याखाली कापले तर आत पाणी शिरून कंद कुजू शकतो.

फेब्रुवारी हा खऱ्या मेहनतीचा महिना. पानगळ सुरू होते, तळ्यावर जाळी ताणा. तळातला गाळ वर्षातून एकदा आत्ताच काढायचा आणि तोही साधारण एक तृतीयांश, मगाने हळूहळू, बाकीचा राहू द्या. काढलेला गाळ कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला, मस्त खत आहे. कमळ, लिलीची माती याच वेळी बदलायची: काळी किंवा शेतातली चिकण माती घ्या, कोकोपीट आणि गांडूळखत नको, ते तरंगतं आणि पाणी नासवतं. वरून वाळूचा थर द्या. कमळाचा कंद हाताळताना त्याच्या टोकाचा कोंब जपा, काचेसारखा कट्कन तुटतो आणि तोच फुटणार असतो. लिलीचा शेंडा मातीच्या वर राहिला पाहिजे, पुरला तर सडतो.

उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन-तीन इंच पाणी उडतं, आपल्या मापाच्या तळ्यात १ इंच म्हणजे जवळपास ९५ लिटर, सहा-साडेसहा बादल्या. रोज थोडं थोडं भरा, एकदम नको. नळाचं पाणी २४ तास उघड्या ड्रममध्ये ठेवून मग घाला म्हणजे क्लोरीन उडून जातो. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, ते उंचावरून धार लावून सोडा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम तर ३० अंशाला साडेसात, आणि रात्री झाडं आणि शेवाळपण तोच वापरतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. तसं दिसलं तर छोटा पंप रात्रभर चालवा, बहुतेक लोक तो दिवसा लावून रात्री बंद करतात, ते उलटं आहे. पंपाच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणारा स्विच, हवाच, पाण्याजवळ वीज आहे. दुपारी १२ ते ४ पन्नास टक्केवाली शेडनेट ताणा. काठाला एक-दोन चपटे दगड पाण्यात उतरते ठेवा, मधमाश्या आणि बुलबुल तिथे पाणी पितात, नाहीतर मधमाश्या बुडतात. घरात लहान मूल असेल तर वर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय तळं करूच नका, २ फूट पाणीसुद्धा पुरतं.

मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नका, प्रेमापोटी मूठ-मूठ टाकतात आणि पाणी नासतं. मोठे मासे आठ-दहा दिवस तळ्यातल्या शेवाळावर, किड्यांवर आरामात राहतात. शेजाऱ्यांना फक्त ड्रम दाखवा आणि एक दिवसाआड तीन बादल्या टाकायला सांगा.