एकसारखे दिसणारे दोन अ‍ॅक्सेस पॉईंट, आणि निवडताना होणाऱ्या चुका

ऑफिससाठी अ‍ॅक्सेस पॉईंट (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा) घ्यायचे म्हटलं की दोन मॉडेल हमखास समोर येतात, दोन्ही पांढरे, गोल, नाव जवळजवळ तेच, एकाच्या शेपटाला प्लस नाहीतर प्रो लावलेलं, आणि मग बॉक्सवर ज्याचा आकडा मोठा तो घेऊन लोक मोकळे होतात. इथेच पहिली चूक होते.

तो आकडा म्हणजे सगळ्या बँडच्या (वायफायच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांच्या) कमाल स्पीडची बेरीज असते. एएक्स३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२ एमबीपीएस. आता हे २४०२ कधी मिळणार, तर १६० मेगाहर्ट्झचं रुंद चॅनेल लावलं तरच. एका मजल्यावर चार-पाच एपी असले की एवढं रुंद चॅनेल लावायचंच नसतं, ते एकमेकांवर चढतात आणि सगळेच हळू होतात, मग तुम्ही ८० वर येता आणि तिथे आकडा होतो १२०१, म्हणजे बरोबर एएक्स१८०० वाल्याइतका. दोन्ही टू बाय टू आहेत (पाठवायला दोन, घ्यायला दोन अँटेना), त्यामुळे तुमच्या ऑफिसात दोघांचा स्पीड जवळपास सारखाच राहणार. म्हणून डेटाशीट उघडून प्रत्येक बँडची ओळ वेगळी वाचा, खरंच वाचा. युबिक्विटीच्या यू६ लाइटचंच बघा, नावात ६ आहे पण वायफाय ६ फक्त ५ गिगाहर्ट्झवर, २.४ वर जुनं वायफाय ४, आणि नंतरच्या यू६ प्लसमध्ये मात्र दोन्ही बँडला वायफाय ६. नुसत्या नावावरून हे कळायला मार्ग नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मात्र पॉवरची. आमच्याकडे आठ पोर्टचा पीओई स्विच होता, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच एपीला वीज देणारा, विजेचं एकूण बजेट ६५ वॉट, त्यावर चार नवे एपी चढवले. सकाळी सगळं छान, दुपारी माणसं भरली की ८ नंबरच्या पोर्टवरचा एपी बंद पडायचा, परत चालू व्हायचा, परत बंद. दोन दिवस आम्ही एपी खराब म्हणून बसलो होतो, केबल बदलली, रिसेट मारला, आणि शेवटी स्विचच्या पॉवरच्या पानावर दिसलं की लोड वाढला की बजेट संपतंय आणि स्विच सगळ्यात कमी प्रायॉरिटीचा पोर्ट कापतोय. म्हणून प्रत्येक एपीचे जास्तीत जास्त वॉट बघा आणि बेरीज करा. पीओईच्या ८०२.३एएफ या स्टँडर्डमध्ये एपीपर्यंत १२.९५ वॉट पोचतात, त्यापुढच्या एटी मध्ये २५.५. एटी मागणारा एपी एएफ पोर्टला लावला तर बऱ्याचदा तो चालू होतो, पण काही अँटेना चेन बंद ठेवून किंवा ट्रान्समिट पॉवर कमी करून चालतो, आणि तुम्हाला वाटतं महागडं मॉडेल घेऊन फसलो. आणि २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवाल्या (न विचारता सरळ वीज सोडणाऱ्या) जुन्या इंजेक्टरला, म्हणजे केबलमध्ये वीज घालणाऱ्या अडॅप्टरला, नवा एपी जोडायच्या आधी लेबल दोनदा वाचा.

२.५ गिगचा पोर्ट बघून हुरळून जाऊ नका, स्विच एक गिगचा असेल तर स्पीड ९४० एमबीपीएसच्या आसपासच थांबणार.

लाँग रेंज मॉडेलबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. एपी लांबपर्यंत ओरडू शकतो, पण फोनचा आवाज तेवढाच राहतो ना. मग कोपऱ्यातल्या माणसाला सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि कॉल तुटतो. अशी तक्रार आली तर पॉवर वाढवू नका, उलट मीडियमवर आणा आणि लागलाच तर एक साधा एपी जास्त लावा.

नवा एपी रिबूट केला आणि ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लगेच दिसत नाहीये म्हणून रिटर्न करू नका. चॅनेल डीएफएसचं (रडारबरोबर वाटून घेतलेलं) असेल तर रडार आहे का हे ऐकायला तो किमान ६० सेकंद गप्प बसतो, हवामान रडारच्या चॅनेलवर काही देशांत १० मिनिटं. तसंच जुने बारकोड स्कॅनर जोडलेच जात नसतील तर आधी फास्ट रोमिंग (एका एपीवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा) बंद करून बघा, त्यांच्यासाठी वेगळं एसएसआयडी, म्हणजे वेगळ्या नावाचं वायफाय, केलं की बहुतेक वेळा सुटतं.

आणखी एक, लायसन्स. काही क्लाउडवाल्या मॉडेलचं लायसन्स संपलं की सेटिंग बदलता येत नाहीत, काहींचं तर नेटवर्कच थांबतं, हे घ्यायच्या आधी विचारा.

तरीही ठरत नसेल तर दोन्हींचा एकेक नग आणा, एकाच जागी छताला आळीपाळीने लावा, चॅनेल आणि रुंदी तीच, लॅपटॉप तोच, आणि इंटरनेटची स्पीडटेस्ट न करता वायरवरच्या कॉम्प्युटरशी आयपर्फ (आतल्या नेटवर्कचा स्पीड मोजणारा प्रोग्रॅम) चालवा, एकदा एपीच्या खाली आणि एकदा दोन भिंतींपलीकडे, ऑफिस भरलेलं असताना.