सर्किट पेटंटलायक आहे का? ठरवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवं सर्किट टेबलावर आलं की बघणारा झाकण उघडतो आणि म्हणतो, "ह्यात काय नवीन? करंट मोजणारा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), तुलना करणारा कम्पॅरेटर, चालू-बंद करणारा रिले!" या एका वाक्यानं चांगले शोध मागे पडतात. उत्तर दिसल्यावर कुठलंही गणित सोपंच वाटतं. म्हणून झाकण बंद ठेवा आणि आधी कागदावर अर्जाची तारीख लिहा. त्या तारखेआधी लोकांना काय माहीत होतं, तेवढंच हिशेबात धरायचं.

उसाला पाणी देणाऱ्या पंपाचं ड्राय-रन सर्किट घ्या, म्हणजे पाण्याविना चालणारी मोटर बंद करणारं. विहीर आटली की मोटरचा करंट उतरतो, त्यावर रिले पाडून मोटर बंद करायची. पण रात्री व्होल्टेज चढलं की रिकामी मोटरही जास्त करंट ओढते आणि सर्किट फसतं. मग कुणी प्रीसेट (मर्यादा ठरवायचा स्क्रू) फिरवत बसतो, तर कुणी करंट सोडून पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाला लागणारा हिस्सा) बघतो, कारण रिकाम्या मोटरचा तो घसरलेलाच असतो. आज दोन्ही युक्त्या जुन्या आहेत, पण फरक बघा. प्रीसेट कुठलाही रिपेअरवाला फिरवेल. मोजायची गोष्टच बदलावी, असं त्या काळी कुणाला का सुचलं असतं? कारण कुठं छापलेलं होतं का? हे शोधल्याशिवाय 'सहज सुचण्यासारखं' असा पेटंट अडवणारा शिक्का मारू नका.

भाग जुने म्हणून शोध जुना, हीसुद्धा चूकच. पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ३(एफ) अडवतं ते ओळखीची उपकरणं नुसती शेजारी मांडण्याला, जिथं प्रत्येक जण आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करतो. स्टार्टरच्या डब्यात टायमर आणि फेज-फेल्युअर रिले (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवले आणि एकाला दुसऱ्याचा पत्ताच नाही, तर अर्ज अडकणार. एकाच्या सिग्नलनं दुसऱ्याचं वागणं बदलून नवा परिणाम मिळत असेल, तर तोच आकड्यांसह लिहा. माझ्या मते अर्जातली सर्वांत मोलाची ओळ हीच.

'सहज सुचण्यासारखं' हे ज्याच्या नजरेनं मोजायचं, तो माणूस म्हणजे शेजारचा दुकानदार नव्हे आणि प्रतिभावान शास्त्रज्ञही नव्हे. आपल्या विषयातलं सगळं ठाऊक असलेला, पण साधारण कल्पकतेचा जाणकार. त्याला सुचेल अशी वर्कशॉपमधली सुधारणा पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच बिश्वनाथ प्रसाद खटल्यात सांगितलं.

आणि अर्जाआधी शिरोलीतल्या गिऱ्हाइकाकडं बोर्ड बसवून देऊ नका; तुमचाच बोर्ड तुमच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.