ढगाळ पौर्णिमेला चंद्र टिपताना या चुका टाळा

आषाढापासून भाद्रपदापर्यंतच्या पौर्णिमा महाराष्ट्रात बहुधा ढगांतच जातात, आणि अशा रात्री काढलेल्या बहुतेक छायाचित्रांत चंद्राऐवजी नुसता पांढरा गोळा उमटतो. प्रकाशमापन, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा हे ठरवणे, कॅमेऱ्यावर सोडणे ही त्यामागची मुख्य चूक होय. चौकटीचा बराचसा भाग काळा असल्याने कॅमेरा शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवतो आणि चंद्रावरचे डाग पुसून जातात.

मॅन्युअल मोड घेणारे, म्हणजे हे आकडे स्वतः ठरवणारेही निरभ्र आकाशाचे गणित, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११ आणि शटर १/१२५ सेकंद, रात्रभर धरून बसतात. पातळ ढगामुळे चंद्राचा प्रकाश सहज दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) उतरतो. तेव्हा १/३० किंवा १/१५ वर यावे लागते आणि ढग सरकताच पुन्हा मागे जावे लागते. म्हणून आयएसओ व ॲपर्चर कायम ठेवून केवळ शटरचा वेग बदलत राहावा आणि चित्रे रॉ स्वरूपात (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावीत.

खरी पंचाईत होते ती चंद्र आणि ढग दोन्ही हवे असतात तेव्हा. चंद्राचे डाग जपले तर ढग काळे पडतात, आणि ढगांच्या कडा उजळाव्यात म्हणून शटर सेकंदभर उघडे ठेवले तर चंद्र पांढरा फटक होतो. शिवाय मोठ्या टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) लेन्समध्ये तेवढ्या वेळात तो सरकून कडेला पुसटही होतो. दोन चित्रे जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मधल्या काळात ढग हलल्याने जोड उघडा पडतो. त्यापेक्षा पातळ ढग चंद्रावर येईपर्यंत थांबावे, कारण त्या वेळी दोन्हींच्या उजेडातली तफावत आपोआप घटते.

ऑटोफोकस ढगांवर चाचपडत राहतो. चंद्र क्षणभर मोकळा होताच लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) मोठा करून त्याच्या कडेवर फोकस साधावा आणि लगेच मॅन्युअलवर जावे; लेन्सवरच्या अनंत अंतराच्या खुणेवर (∞) विसंबू नये.

चंद्राला मोठे खळे (भोवतीचे प्रकाशाचे कडे) पडले असता टेलिफोटो लेन्स लावून बसणे म्हणजे आलेली संधी दवडणे. या खळ्याची त्रिज्या सुमारे २२ अंश असते, त्यामुळे फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स हवी, आणि चंद्र झाडाच्या फांदीआड घेतला तर कडे अधिक ठळक दिसते.

एवढे करूनही सगळीच चित्रे धूसर येत असतील, तर फोकसला दोष देण्याआधी लेन्सची काच टॉर्चच्या उजेडात पाहावी. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या काचेवर बाष्प धरते आणि पुसले तरी ते पुन्हा येते. म्हणून कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवावा.